बालवर्गातले कार्टून कुठे थांबवावे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बालवर्गात टीव्ही आल्यापासून काही पालक ‘कार्टून बंद करा’ म्हणतात आणि काही ‘मुले गप्प बसतात, लावत जा’ म्हणतात, असे तू कळवले आहेस. मला या दुसऱ्या मंडळींची अधिक काळजी वाटते, कारण कार्टूनचा लाभ होतो तो मूल त्याबद्दल बोलू लागल्यावर, आणि त्याला बोलते करणे हे तुझे काम आहे.

विजया मुळे यांचा 1974 मधला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा कार्टून-चित्रपट मिळवून पाहा. त्यात धाकटा भाऊ ‘अनेक’ म्हणजे काय असे विचारतो, आणि ताई व्याख्या सांगत बसण्याऐवजी एक सूर्य, एक चंद्र आणि मग आभाळभर तारे दाखवते; पुढे फुलपाखरे आणि खारी येतात. एकाचे अनेक होताना मुलाला डोळ्यांसमोर दिसते. भिंतीवरच्या तक्त्यात हा बदल दाखवता येत नाही. त्यानंतर जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची गोष्ट येते. पक्षी अडकले की चित्र तिथेच थांबव आणि ‘आता ते काय करतील?’ असे विचार. कोणी कात्री आणायला सांगेल, कोणी आईला हाक मारायला सांगेल; कोणतेही उत्तर चुकीचे ठरवू नकोस. घडलेल्या गोष्टीवरून पुढचे ताडण्याची ही सवय मुलाला उद्या धडा वाचून समजून घेताना उपयोगी पडते. चित्रपट हिंदीत आहे आणि तुझ्या वर्गातली बरीच मुले घरी अहिराणी बोलतात, तेव्हा पहिल्यांदा आवाज बंद ठेवून तूच त्यांच्या बोलीत गोष्ट सांगितलीस तरी चालेल.

तेच कार्टून पुन्हा लावायला संकोचू नकोस. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमात सूत्रधार प्रश्न विचारून मुलांच्या उत्तरासाठी थांबत असे, आणि सुरुवातीला एकच भाग आठवड्याचे पाचही दिवस दाखवला जाई. अभ्यासकांनी तपासले तेव्हा असे दिसले की कंटाळण्याऐवजी तीन ते पाच वर्षांची मुले दर वेळी अधिक समजून घेत होती आणि पडद्याला अधिक उत्तरे देत होती. कंटाळतो तो मोठा माणूस, आणि त्याने तो कंटाळा गिळावा.

निवड करताना मी एकच कसोटी लावते: शिकवायची गोष्ट कथेतून काढून टाकली तर कथा उरते का? युनिसेफच्या ‘मीना’ या कार्टून मालिकेत, जिच्या निर्मितीत अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता, मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून तिचा मिठू पोपट शाळेत जाऊन पाठ ऐकून येतो आणि तिला शिकवतो. मोजता येऊ लागल्यामुळेच तिला एक कोंबडी कमी असल्याचे कळते आणि चोर पकडला जातो. तिथे गणित वगळले तर गोष्टच कोसळते. याउलट मुळाक्षरांच्या कित्येक गाण्यांत अक्षर कोपऱ्यात असते आणि मधोमध हत्ती नाचत असतो. मुलाच्या लक्षात हत्ती राहतो, यात त्याचा दोष नाही.

वेगाकडेही लक्ष ठेव. अमेरिकेतल्या 2011 च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांना नऊ मिनिटे अतिवेगवान कार्टून दाखवल्यावर, चित्रे काढत बसलेल्या मुलांच्या तुलनेत, त्यांना लक्ष एकाग्र करणे आणि मोह आवरणे लगेच नंतर जड गेले. हा परिणाम किती काळ टिकतो हे त्या प्रयोगाने तपासले नव्हते, म्हणून पालकांना घाबरवू नकोस; पण नजर स्थिरावण्याआधीच दृश्य बदलणारे कार्टून वर्गात आणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, त्याहून कमी तर अधिक चांगले. त्या तासात घरचा मोबाइलही मोजायचा असतो. तुझ्या वर्गाला दहा मिनिटे पुरेत, आणि त्यानंतर अर्धा तास मुलांना तीच गोष्ट करून दाखवू दे, मातीत पक्षी काढू दे.

येत्या पालकसभेत भाषण न देता पालकांना मुलांसोबत बसव, चित्र मध्येच थांबव आणि मुलांची उत्तरे त्यांना ऐकू दे. कोणता भाग निवडलास आणि कुठे थांबवलास, ते मला कळव.

तुझी,
बाई