23 मिनिटांच्या रचनेला कात्री

प्रश्न: आमचा पुण्यातला पाच जणांचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड आहे. म्युझिक कंपनीने सहा लाख आगाऊ देऊन अल्बमचा करार केला. आम्ही 23 मिनिटांची सलग रचना दिली. आता ते म्हणतात, चार-चार मिनिटांची गाणी करा. नाहीतर आम्हीच कापून काढू आणि पैसेही परत घेऊ. रश या कॅनडातल्या रॉक बँडवरही 1976 मध्ये छोट्या गाण्यांसाठी असाच दबाव होता, त्यांनी ऐकलं नाही. आम्ही काय करावं?

उत्तर: रशचा तो '2112' अल्बम चालला म्हणून आज आपण ती गोष्ट सांगतो. कोर्टात ती कामाची नाही, करार कामाचा. तुमच्या करारात रेकॉर्डिंग 'तांत्रिक व व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक' हवं, असं आहे. नुसतं 'तांत्रिक' असतं तर मी निवांत असतो. सहीआधी तो दुसरा शब्द खोडून घ्यायला हवा होता, असो.

आता कात्रीचं. वादक म्हणून तुम्हाला कॉपीराइट कायद्याचं कलम 38-बी आहे, म्हणजे प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क, पण त्याच्याच स्पष्टीकरणात म्हटलंय की, ठरावीक वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढला तर तेवढ्याने प्रतिष्ठेला बाधा येत नाही. म्हणजे या वाटेने गेलात तर कंपनी हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवेल. रचनाकार म्हणून कलम 57 आहे, तिथे ही सूट नाही. हक्क लिहून दिल्यावरही, प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. म्हणून दावा वादकांच्या नव्हे, ज्या दोघांनी रचना केली त्यांच्या नावाने लढवा. रचनेतली दुसरी चाल कुठे सुरू होते, तिच्यात पहिलीची सुरावट कशी परतते, हे मिनिट-सेकंदासह लिहून काढा. कापल्यावर नेमकं काय मोडतं, ते न्यायाधीशांना कानाने कळलं पाहिजे.

सहा लाख 'रॉयल्टीतून वळते करायचे' आहेत. रोख परतीचा शब्द करारात नाही. मात्र काम समाधानकारक नव्हतं असं ठरलं तर नुकसानभरपाईचा दावा येऊ शकतो, ती जोखीम आहेच.

आणि त्यांनी अल्बम नुसताच दाबून ठेवला तर? करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर हस्तांतरणापासून वर्षभरात न वापरलेले हक्क कलम 19(4) प्रमाणे तुमच्याकडे परत येतात. तुमच्या प्रतीचं पान 9 अंधुक आलंय, तिथे असं काही लिहिलंय का ते बघून कळवा. तोवर फोनवर 'बघू, करू' म्हणू नका. रचना ज्या तारखेला दिलीत त्या तारखेची मेल शोधून ठेवा.