जंगलाचे कृष्णधवल फोटो सपाट आणि गिचमिड का येतात?

कारण डोळ्याला वेगळे दिसणारे हिरवा आणि तपकिरी हे रंग करड्या छटेत जवळपास सारखेच होतात. पान आणि खोड एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून आधी उजेड निवडा. धुकं असेल तर सोनंच! मागची झाडं फिकट होत जातात, पुढचं खोड काळंभोर उठून दिसतं. धुकं नसेल तर ढगाळ दिवस बघा. भर उन्हातले कवडसे मी टाळतेच, पांढरे ठिपके सगळी चौकट खाऊन टाकतात.

पोलरायझर (लेन्सवर बसवायचा, चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर) मात्र हवाच. ओल्या पानावर तो हळूहळू फिरवून बघा, पांढरी चकाकी विरते आणि पानाच्या शिरा दिसायला लागतात. त्याने उजेड एक-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे ट्रायपॉड लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. वारा असेल तर थांबा.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. नंतर नुसतं सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्य करू नका. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कृष्णधवल मिक्सरमध्ये (इथे प्रत्येक रंगाची करडी छटा वेगळी उजळ-गडद करता येते) पिवळा आणि हिरवा स्लायडर वर न्या. पानं उजळतात, खोडं गडदच राहतात. पिवळा विसरू नका, पानांत तो वाटतो त्याहून बराच जास्त असतो.