कर्नलमधल्या वीजबचतीत करिअर : आधी बोर्ड नीट निवड

प्रश्न : मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कोणत्या कोअरवर चालवायचं ते ठरवणारा भाग, वीज कशी वाचवतो, यावर प्रोजेक्ट करायचाय. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक-बोर्ड घेऊ का? बाबा म्हणतात, यात नोकऱ्या नाहीत, वेब डेव्हलपमेंट शीक.

उत्तर : पाय ५ नको. त्याचे चारही कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे भाग) एकाच जातीचे, कॉर्टेक्स-ए७६. लिनक्स ५.० मध्ये (२०१९) आलेलं एनर्जी अवेअर शेड्युलिंग, म्हणजे ईएएस, लहान-मोठ्या कोअरमधून कमी ऊर्जेत काम करेल तो निवडतं. सगळे सारखेच असतील तर ते मुकाट्याने बंद राहतं. दोन मोठे ए७२ आणि चार लहान ए५३ कोअर असलेल्या आरके३३९९ चिपचा बोर्ड बघ, जुना मिळाला तरी चालेल. मोठ्या कोअरची कपॅसिटी (कर्नलने धरलेली सापेक्ष क्षमता) १०२४ आणि लहानांची त्याहून कमी दिसली पाहिजे. शिवाय गव्हर्नर (फ्रीक्वेन्सी ठरवणारा भाग) शेडयुटिल हवा आणि कर्नलला एनर्जी मॉडेल, म्हणजे कोणत्या कोअरला कोणत्या वेगाला किती वीज लागते त्याचा तक्ता, मिळालेलं हवं.

यानंतरची हमखास चूक म्हणजे पूर्ण लोड टाकून मोजणं. एखादा कोअर क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे गेला की ईएएस बाजूला होतं आणि नेहमीचं लोड बॅलन्सिंग सुरू होतं. मग फरक दिसणार कुठून? आरटी-ॲप हे ठरावीक लोड तयार करणारं साधन घे आणि दर १६ मिलिसेकंदांना २-३ मिलिसेकंद चालणारी चारपाच कामं लाव.

मोजायचे ते ज्यूल (एकूण ऊर्जा), वॅट (त्या क्षणाची वीज) नव्हे. लहान कोअर कमी वॅट खातो, पण वेळ जास्त घेतो. हे आधी कागदावर करून बघ. डायनॅमिक पॉवर (काम करताना लागणारी वीज) व्होल्टेजच्या वर्गाला फ्रीक्वेन्सीने गुणून वाढते. समजा १ व्होल्ट, १००० मेगाहर्ट्झला १०० मिलिवॅट लागतात, ०.८ व्होल्ट, ५०० मेगाहर्ट्झला ३२ लागतील. वेळ दुप्पट धरला तरी ऊर्जा ३६ टक्के कमी. व्होल्टेज मात्र १ वरच राहिलं, तर बचत शून्य, उलट लीकेज (चिपमधून नुसतीच गळणारी वीज) दुप्पट वेळ चालू. सगळी गंमत व्होल्टेजमध्ये आहे, आणि मुलाखतीत नेमकं हेच खोदून विचारतात.

बोर्डची वीज मोजायला आयएनए२२६ हे सेन्सर मोड्यूल घेताना त्याचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) बघ. बाजारात सर्रास मिळणारा ०.१ ओहमचा शंट साधारण ०.८ अँपिअरपर्यंतच मोजू देतो, बोर्ड त्याहून जास्त ओढतो. ०.०१ ओहमचा घे.

बाबांचं अर्धं खरं आहे. निव्वळ शेड्युलरवरच्या जागा मोजक्या. पण चिप कंपन्यांच्या पॉवर-थर्मल आणि बीएसपी (बोर्डवर कर्नल चालवणारं सॉफ्टवेअर) टीममध्ये हेच काम रोज चालतं. त्या मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, नोएडात. कॉलेजात अशा कंपन्या येत नसतील तर पदवीनंतर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा पीजी डिप्लोमा, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन, हा धड रस्ता आहे. तोवर सी पक्कं कर, स्पिनलॉक आणि म्युटेक्स या दोन कुलपांमधला (एकाच डेटावर दोन कामं एकदम येऊ न देणारी) फरक कोडमध्ये दाखवता आला पाहिजे. रेझ्युमेवर ‘लिनक्स येतं’ असं लिहू नकोस. ईएएस चालू-बंद करून काढलेले ज्यूलचे आकडे आणि कर्नलशार्क या साधनातला ट्रेस (कोणतं काम कधी कोणत्या कोअरवर चाललं त्याची नोंद) जोड.