पोल्ट्रीचं शेड की मुलीचं शिक्षण?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. सात एकर शेती, सोयाबीन, कपाशी, तूर. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला पशुवैद्य व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, "ढोरांची डॉक्टर होऊन काय करणार?" गावाबाहेर ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या, कोंबड्यांची मोठमोठी शेडं उभी राहिली. ती पाहून वडिलांना वाटतं, तिच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे आणि वर कर्ज घालून आपणही शेड टाकावं.

भाऊ, शेड सध्या राहू द्या. मुलीला शिकू द्या.

करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. साधारण सहा आठवड्यांत ती पक्षी उचलते आणि तुम्हाला किलोमागे ठरलेला दर देते. शेड, वीज, पाणी, मजुरी, बँकेचा हप्ता तुमच्या माथी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. भर दुपारी वीज गेली आणि पाण्याचे तुषार सोडून शेड गार ठेवणारे फॉगर बंद पडले, की पक्षी पटापट मरतात. सात एकरांवर कर्ज काढून हा धोका घेऊ नका.

म्हणून मोठी पोल्ट्री गावाच्या काही कामाची नाही, असं मुळीच नाही. एक किलो कोंबडी वाढवायला दीड किलोहून जास्त खाद्य लागतं, त्यात मुख्य मका आणि सोयाबीनची पेंड. सोयाबीन तुम्ही पिकवता, गाई-म्हशींच्या खाद्याची सरकीही तुमचीच, पण दुधाचा मोठा धंदा उभा राहिला पश्चिम महाराष्ट्रात. याचं मला फार वाईट वाटतं. शेडवाल्यानं मका इथलाच घेतला, कोंबडीखत इथल्याच वावरात गेलं, पोरांना काम मिळालं, तर पैसा गावात फिरतो. नाहीतर गावाच्या वाट्याला वासच येतो.

आणि हजारो पक्षी एका छताखाली असले की एक रोग सगळ्यांना पुरतो. लसीकरण, खाद्याची पारख, रोगाचं निदान यासाठी जाणकार माणूस लागतो. तुमची लेक नेमकं तेच शिकू पाहतेय. तुमच्या भागातल्या गवळाऊ गाईंनाही तिची गरज आहे.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं पशुवैद्यक महाविद्यालयही तिथंच. पुढे सरकारी दवाखाना, दूध संघ, पोल्ट्री कंपनी, खाद्य कारखाना, स्वतःची प्रॅक्टिस, सगळं खुलं. हातात पदवी आणि अनुभव आला, की शेड टाकायचं की नाही हे तीच तुम्हाला सांगेल.

नीटमध्ये गुण कमी पडले, तर पुसदजवळ वरूडला दुग्ध तंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. चार वर्षांचं बी. टेक. पण त्याला गणित लागतं. तिनं बारावीला गणित ठेवलंय का, ते आजच विचारा आणि मला कळवा.