बाइट अलार्म आठ महिन्यांत बंद पडला, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते आत पाणी गेलंय म्हणून वॉरंटी नाही. आता काय करू?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, राग मानू नका. मासा गळाला लागला की वाजणारी, तळ्याकाठी रात्रभर उघड्यावर ठेवायलाच बनवलेली वस्तू, आणि ती बिघडली की म्हणे पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाही. छत्री भिजली म्हणून परत घेत नाही असं म्हणण्यासारखंच आहे हे. पण मी स्वतः या चक्रातून दोनदा गेलोय, एकदा गळाच्या रॉडसाठी आणि एकदा अलार्मच्या रिसीव्हरसाठी (अलार्मचा सिग्नल पकडून आपल्या उशाशी वाजतो तो डबा), एकदा हरलो आणि एकदा जिंकलो, आणि खरं सांगायचं तर हरलो तेव्हा चूक माझीच होती.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. तुम्ही पैसे कुणाला दिले? दुकानदाराला. मग भांडण त्याच्याशी. कंपनीची वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन, त्यात अटी ती घालणार, काय बसतं काय नाही ते ती ठरवणार. पण विकलेली वस्तू धड असली पाहिजे ही जबाबदारी बहुतेक देशांच्या कायद्यात विकणाऱ्यावर असते आणि ती कंपनीच्या वॉरंटी कार्डाने पुसली जात नाही. कार्प मासा पकडायचं सामान सगळ्यात जास्त खपतं युरोपात आणि ब्रिटनमध्ये, तिथलंच उदाहरण घ्या. युरोपियन युनियनमध्ये विकणाऱ्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते आणि पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं धरून चालतात, नव्हता हे विकणाऱ्याने दाखवायचं. ब्रिटनमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे, त्यात पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात, त्यानंतर ६ महिन्यांपर्यंत दोष आधीपासूनच होता असं धरतात, आणि एकदा दुरुस्ती किंवा बदली करूनही जमलं नाही तर पैसे कमी करून घेता येतात किंवा वस्तू परत करता येते. म्हणजे बघा, तुमचे आठ महिने एका ठिकाणी आत बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर. बाहेर बसले म्हणजे हक्क संपला असं नाही हां, फक्त दोष मुळातला आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं. तुम्ही ज्या देशात घेतलाय तिथला नियम काढून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पत्रात कायद्याचं नाव आलं की समोरच्याचा सूर बदलतो हे मी पाहिलंय.

त्यामुळे 'कंपनीला विचारा' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे, आणि या टोलवाटोलवीत माणूस कंटाळून नवीन अलार्म घेतो, बऱ्याचदा त्याच कंपनीचा, कारण बाकीचे दोन त्याच सेटमधले असतात आणि एकच रिसीव्हर सगळ्यांशी जोडलेला असतो. त्यांनाही हे माहीत असतं.

आता पाण्याचं. पाणी कुठं मुरतंय हे खरोखरच बघायला लागेल. बॉक्सवर किंवा माहितीपुस्तकात आयपीएक्स आणि पुढे आकडा, म्हणजे वस्तू किती पाणी सोसते त्याचं माप, असा काही उल्लेख आहे का ते शोधा. आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालतं एवढंच. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हवा तसा ताणता येतो, आणि नेमका तोच ताणला जातो. पण शिंतोडे चालतात असं त्यांनी स्वतःच लिहिलं असेल आणि अलार्म फक्त पावसात राहिला असेल, तर आत पाणी गेलं हाच दोष झाला की. सील नीट बसलं नव्हतं. तुम्ही पत्रात नेमकं हेच वाक्य लिहायचं, 'पाणी आत गेलं हे मला मान्य आहे, ते जायला नको होतं हीच माझी तक्रार आहे.' पाणी गेलंच नाही म्हणून वाद घालत बसू नका, तिथे तुम्ही हराल, कारण अलार्म उघडून बघितलाय असं ते म्हणणार, तुम्ही तो उघडलेला नाही.

फक्त हे लिहिण्याआधी स्वतःशी खरं बोला. अलार्म तळ्यात पडला होता का? बॅटरीचं झाकण अर्धवट लागलं होतं का? आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे सकाळी दवाने ओलेचिंब झालेले अलार्म तसेच फोमच्या हार्ड केसमध्ये टाकून घरी आणायचे आणि पुढच्या ट्रिपपर्यंत केस उघडायचीच नाही. तो फोम ओल धरून ठेवतो, आणि आठवडाभर बंद केसमध्ये दमट हवेत पडून राहिलेल्या सर्किटची जी अवस्था होते ती एका रात्रीच्या पावसाने होत नाही. मी वर्षानुवर्षं हेच करत होतो. आता घरी आलो की केस उघडी, अलार्म बाहेर, बॅटरी काढलेली.

बॅटरीवरून आठवलं, झाकण उघडून संपर्काच्या पट्ट्या बघा. तिथे पांढरी पूड जमली असेल तर ती बहुतेक अल्कलाइन बॅटरी गळल्याची खूण असते, बॅटरीतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेशी संयोग होऊन ती पूड बनते. गळलेली बॅटरी वॉरंटीत जवळपास कुणीच धरत नाही, तिथे दावा करायचा असेल तर बॅटरी बनवणाऱ्याकडे करून बघा. पण बॅटरीचा कप्पा स्वच्छ आहे आणि त्यांनी पाठवलेल्या फोटोत आतल्या बोर्डावर हिरवट थर दिसतोय, तर तिथे तांबं गंजलंय, म्हणजे ओल शिरली केसिंगमधून किंवा बटणापासून, आणि तुमची बाजू बळकट होते. त्यांनी फोटो पाठवलाय का? नसेल तर आधी तोच मागा. 'आत पाणी गेलंय' एवढ्या एका ओळीवर दावा फेटाळला असेल तर कुठे गेलं, कशावरून ठरवलं, कुणी तपासलं हे लेखी विचारा. या साध्या प्रश्नांवरच कितीतरी वेळा घोडं अडतं, कारण वस्तू कुणी नीट उघडूनच पाहिलेली नसते.

माझा रिसीव्हरचा किस्सा सांगतो म्हणजे कळेल. तीन अलार्म आणि एक रिसीव्हर, त्यातल्या मधल्या अलार्मचा सिग्नल पहाटे पहाटे गायब व्हायचा. रात्री बारापर्यंत सगळं ठीक, आणि दव पडायला लागलं की मधला रॉड मुका. एकदा तर मासा गळाला लागून अर्धं तळं फिरून आला, लाइन सुटतेय, रिळाचा आवाज येतोय, आणि बिव्हीत, म्हणजे काठावरच्या छोट्या तंबूत, माझ्या उशाशी रिसीव्हर शांत, मी उठलो तो रिळाच्या आवाजाने. पाठवला कंपनीकडे. पाच आठवड्यांनी परत आला, सोबत एक छापील चिठ्ठी, 'कोणताही दोष आढळला नाही'. साहजिकच आहे, त्यांनी तो कोरड्या, उबदार खोलीत टेबलावर तपासला असणार. पुन्हा पाठवला, पुन्हा तीच चिठ्ठी. तिसऱ्या वेळी मी पाठवलाच नाही. पहाटे चार वाजता मोबाइलवर एकाच शॉटमध्ये व्हिडिओ काढला, अलार्मवरचा अनुक्रमांक, मग लाइन ज्यावरून जाते तो रोलर हाताने फिरवला, अलार्म स्वतः वाजतोय आणि दिवा लागतोय पण दोन हातांवरचा रिसीव्हर गप्प, लगेच शेजारचा अलार्म फिरवला तर रिसीव्हर वाजतोय, मग नवीन बॅटरी घालून पुन्हा तेच. तो व्हिडिओ दुकानदाराला पाठवला, आणि तुम्ही दोनदा दुरुस्तीची संधी घेतलीत, आता बदली द्या किंवा पैसे, एवढंच लिहिलं. अलार्म आणि रिसीव्हर दोन्ही नवीन आले. कस्टमर केअरच्या माणसाशी तीन महिने जे फोन केले, त्यातल्या एकाही फोनने जे झालं नाही ते दोन मिनिटांच्या व्हिडिओने झालं. म्हणून म्हणतो, वस्तू हातातून सोडायच्या आधी दोष दाखवणारा पुरावा करून ठेवा, नंतर वस्तूही त्यांच्याकडे आणि शब्दही त्यांचाच. आणि फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी 'आज आपलं असं असं बोलणं झालं' अशी ईमेल टाका.

हरल्याचा किस्सा रॉडचा. बारा फुटी, दोन तुकड्यांचा, तीन पौंड टेस्ट कर्व्हचा (रॉड किती वजनाला काटकोनात वाकतो त्याचं माप), 'लाइफटाइम वॉरंटी' असं ठळक लिहिलेलं. (लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे बरं का, बऱ्याचदा त्या मॉडेलचं, आणि तेही पहिल्या खरेदीदारापुरतं, सेकंडहँड घेतलात की ते संपलं.) मासा जाळ्यात घेताना टोकाकडचा वीतभर भाग कट्टकन गेला. मी फॉर्मवर अगदी प्रामाणिकपणे लिहिलं की मासा काठाजवळ होता, मी रॉड सरळ उभा धरून मागे झुकलो. झालं. रॉड असा उभा धरला की सगळा ताण मधल्या जाड भागाऐवजी शेवटच्या बारीक टोकावर येतो आणि कार्बन तिथेच तुटतो, हे कंपनीला पाठ असतं. दोष सामानाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. तरी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, त्यांनी सवलतीत नवीन टोकाचा तुकडा देऊ केला आणि दोन आठवड्यांनी कळवलं की ते मॉडेलच बंद झालंय, त्याऐवजी नवीन मॉडेल घ्या. तीन सारखे रॉड रांगेत पॉडवर, म्हणजे रॉडच्या स्टँडवर, ठेवणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय ते कार्पवालाच समजेल, बाकीच्यांना तो वेडेपणा वाटतो, आणि असेलही.

खोटं लिहा असं मी म्हणत नाहीये. पण जे घडलं ते लिहा, स्वतःचं निदान लिहू नका. 'बहुतेक जोरात टाकला असेल', 'कदाचित गाडीत कशाला तरी लागला असेल' असली वाक्यं आपण सभ्यपणे लिहितो आणि तीच नकाराच्या पत्रात आपल्याला परत वाचायला मिळतात. तुमच्या पहिल्या ईमेलमध्ये असं काही आहे का बघा जरा.

आणखी एकदोन गोष्टी पटकन. पावती थर्मल कागदावर असेल तर आजच फोटो काढा, वर्षभरात कोरी होते ती. अलार्म स्वतः उघडू नका, स्क्रूवर खुणा दिसल्या की त्यांना आयतंच कारण मिळतं. परत पाठवायचा झाला तर बॅटरी काढून पाठवा, आणि जोडणीची तक्रार असेल तर रिसीव्हरही सोबतच पाठवा, नाहीतर पुन्हा 'दोष आढळला नाही'. पाठवण्याचा खर्च कुणाचा ते आधी लेखी घ्या, दोष खरा निघाला तर तो विकणाऱ्यानेच द्यायला हवा. (रॉड पाठवायची वेळ आली तर पुठ्ठ्याची नळी नको, पीव्हीसीचा पाइप कापून दोन्हीकडे झाकणं लावा, नाहीतर वाटेत दुसरं टोक तुटतं आणि मग कुठलं आधी तुटलं यावर नवीन वाद.) कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची, मुदत अजून आहे का तेही विचारा, आठ महिन्यांनी बहुतेक उशीर झाला असेल, पण विचारायला काय जातंय.

दुकानदाराला आज एकच ईमेल करा. कधी घेतला, कधी बंद पडला, कसा वापरला, माहितीपुस्तकात पाण्याबद्दल काय लिहिलंय, आणि तुम्हाला काय हवंय, दुरुस्ती की बदली की पैसे, त्यातलं एक स्पष्ट. उत्तराला १४ दिवस द्या. चिडून लिहू नका, मी चिडून लिहिलेल्या पत्रांना उत्तरंच आली नाहीत. आणि तो अलार्म अजून कंपनीकडेच आहे की तुमच्याकडे परत आलाय? परत आला असेल तर बॅटरीच्या कप्प्याचा फोटो इथे टाका, पांढरं आहे की हिरवं ते बघून पुढचं सांगतो.