‘डीएनएची लस’ की ‘डीएनए-लस’? एका ‘ची’ची भानगड

औसा तालुक्यातल्या एका आरोग्यसेविका ताई विचारतात: ‘गोवराची लस म्हणजे गोवर होऊ नये म्हणून. मग डीएनएची लस म्हणजे काय होऊ नये म्हणून? गावातले एक आजोबा म्हणाले, ह्या लशीनं माणसाचा डीएनएच बदलायलाय. बरोबर शब्द कोणता?’

ताई, ‘डीएनए-लस’ म्हणा. ‘ची’ काढून टाका. उत्तर संपलं.

आजोबांना मात्र हसू नका. चूक त्यांची नाही, बातमीत डोळे मिटून ‘डीएनएची लस’ लिहिणाऱ्यांची आहे. हीच मंडळी डीएनएला बिनदिक्कत ‘गुणसूत्र’ही म्हणतात; गुणसूत्र म्हणजे डीएनए गुंडाळून झालेलं गाठोडं. सूत, लुगडं आणि लुगड्याचं गाठोडं यांनाही मग एकच शब्द ठेवा की! (आणि हो, म्हैस–म्हशी तशी लस–लशी. ‘लसी घेतल्या’ लिहिणाऱ्यांना म्हशीच्या दह्याची लस्सी पाजायला पाहिजे.)

आता षष्ठी. मराठीतली ही विभक्ती मोठी बेरकी. तापाची गोळी ताप घालवते. साखरेची गोळी साखर घालवत नाही, ती साखरेचीच असते. ताप आणि साखर दोन्ही आपल्या ओळखीचे, म्हणून घोटाळा होत नाही. डीएनए, म्हणजे आपल्या पेशींत आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू, ओळखीचा नाही, म्हणून होतो. डीएनए-लस साखरेच्या गोळीसारखी: डीएनए घालवणारी नव्हे, डीएनएचीच. गंमत पुढेच आहे. ‘देवीची लस’ हा शब्दप्रयोग आज आपण तापाच्या गोळीसारखा वाचतो, पण मुळात तो साखरेच्या गोळीसारखा होता!

कारण लस म्हणजे औषध नव्हेच. लस म्हणजे फोडातून, जखमेतून पाझरणारं चिकट पाणी. आजही आपल्याकडं म्हणतात ना, ‘गळवातून लस गळायलीय’. संस्कृतात ‘लसीका’; चरकसंहितेत कुष्ठाच्या निदानात त्वचा, मांस, रक्त यांच्या जोडीनं बिघडणारी म्हणून ती येते. इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरनं १७९६ साली गवळणीच्या हातावर उठलेल्या गायीच्या देवीतलं पाणी एका पोराच्या दंडावर ओरखडून लावलं. ते पाणी, ती लस. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली गेली, भारतातली पहिली. पुढं कितीतरी वर्षं एका लेकराच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, असाच तिचा प्रवास चालला. तेव्हा ‘देवीची लस’ म्हणजे शब्दशः देवीतून निघालेली लस. ‘च्या विरुद्ध’ हा अर्थ इथल्या षष्ठीला नंतर चिकटला.

हिंदीनं यासाठी ‘टीका’ घेतला. आपल्याला तो घेता येईना, कारण टीका हा शब्द आपल्याकडं आधीच कामाला लावलेला होता: आपेगावच्या ज्ञानोबांनी गीतेवर टीका केली आणि आपण उरलेल्या सगळ्यांवर करतो.

‘लसीका’पासून ‘लस’ इथवर कोशकार सोबत येतात. पुढं मी एकटा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, ‘लस श्लेषणक्रीडनयोः’ असं आहे. लस् म्हणजे चिकटणं आणि खेळणं. दुसऱ्या अर्थातून विलास, उल्लास, लास्य आले. ज्याच्यात खेळकरपणाच नाही तो अ-लस, म्हणजे आपला आळस. आणि पहिल्या अर्थातून, माझ्या मते, ही चिकट लस. म्हणजे आळसाला उतारा लस! आमच्या घरी हे कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं लिहितो.

एक निवृत्त प्राध्यापक मात्र व्याख्यानांतून सांगत फिरतात की ‘लस’ हा शब्द ‘लासणे’वरून आला, कारण देवी काढल्यावर, म्हणजे देवीची लस दिल्यावर, दंडावर डागल्यासारखा व्रण राहायचा. महाराज, लासायला विस्तव लागतो! गळवातून गळणारी लस कुणी कोणत्या तापल्या विळ्यानं काढली? व्रण दिसला की व्युत्पत्ती सापडली, असं होत नसतं.

आजोबांची शंकाही धातूच्या पहिल्याच अर्थाची आहे: हा डीएनए आपल्या डीएनएला चिकटतो का? शंका अडाणी नाही. या लशीत प्लाझ्मिड असतो, म्हणजे डीएनएचं छोटं कडं. त्यात विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचं जनुक बसवलेलं असतं. कडं पेशीच्या केंद्रकात पोचलं की त्यावरून आरएनए, म्हणजे त्या जनुकाची कामापुरती नक्कल, बनतो, आरएनएवरून प्रथिन, आणि ते परकं प्रथिन बघून शरीर लढायच्या तयारीला लागतं. आपला डीएनएही त्याच केंद्रकात नांदतो. एमआरएनए-लस थेट ती नक्कलच घेऊन येते, म्हणून तिला तिथं जावंच लागत नाही, हिला जावं लागतं. म्हणून औषध-नियंत्रकांनी हाच प्रश्न विचारला आणि प्राण्यांच्या शरीरात शोध घेतला गेला. चिकटणं झालंच तरी त्याचं प्रमाण डीएनएत एरवी आपोआप होणाऱ्या बदलांपेक्षा फार कमी निघालं. शिवाय हे कडं आपल्या पेशीत स्वतःच्या प्रती काढत नाही.

खरं दुखणं उलटंच होतं. १९९० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जॉन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला आणि स्नायू त्यावरून प्रथिन बनवू लागले. १९९३ मध्ये अशा लशीनं उंदरांना फ्लूपासून वाचवलं. माणसात मात्र डीएनए केंद्रकापर्यंत पुरेसा पोचेचना, प्रतिसाद मिळमिळीत. २००५ साली अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाईल तापाची डीएनए-लस मंजूर झाली. माणसाला २०२१ उजाडावं लागलं. लोकांना भीती ती आत घुसून घर करील याची, शास्त्रज्ञांना घोर ती आत जाईना याचा!

तर माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए-लस आपल्या शेजारच्या अहमदाबादची, कोविडवरची झायकोव्ह-डी. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, बारा वर्षांपुढच्यांसाठी, २८-२८ दिवसांच्या अंतरानं तीन मात्रा. २८ हजारांवर स्वयंसेवकांच्या चाचणीच्या अंतरिम हिशेबात परिणामकारकता ६६.६ टक्के निघाली. आणि हिला सुई नाही. बारीक, जोरकस धारेनं ती कातडीत शिरते.

ताई, तुम्ही खरं तर हे विचारायला हवं होतं: रजिस्टरात क्रियापद कोणतं लिहायचं? ‘टोचली’ खोटं, ‘पाजली’ त्याहून खोटं, आणि ‘सुई मारली’ तर विचारूच नका. माझी आजी ‘देवी काढल्या’ म्हणायची, तेही आता चालायचं नाही. ‘दिली’ लिहा.