घरच्या कम्प्युटरला साधा अँटिव्हायरस घ्यावा की सीताबर्डीतला दुकानदार म्हणतो तसं 'टोटल सिक्युरिटी'?

आधी विंडोज कोणतं आहे ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जमत असेल तर ११ वर जा, तो खर्च जास्त गरजेचा. त्यात डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस फुकट येतो आणि घरच्या कामांना पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. 'टोटल सिक्युरिटी'सारख्या महागड्या पॅकेजमध्ये व्हायरस पकडणारं इंजिन बहुतेक वेळा साध्यातलंच असतं. वरचे पैसे पेरेंटल कंट्रोल, पासवर्ड मॅनेजर वगैरेंचे. मुलं लहान असतील तर घ्या, पण आधी एव्ही-टेस्ट या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थेचे निकाल बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र नकोच.

आणि फोटोंचा बॅकअप घेतला की हार्ड डिस्क काढून ठेवा हो! रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही लॉक करतं.